झोक्याचा नंबर

माझ्यासारखी जळकुकडी अख्ख्या घोडपदेवमध्ये दुसरी नव्हती, असं आई अजूनही म्हणते. ती खोटं बोलत नाही. बाकीच्या मुली एकमेकींच्या फ्रॉकवर आणि रिबिनींवर जळायच्या. मी आजारी मुलांवर जळायचे.

आई परळच्या एका इस्पितळात आया होती, लहान मुलांच्या वॉर्डात. बहुतेक दुपारची ड्युटी. मी शाळेतून यायचे तेव्हा ती निघून गेलेली असायची आणि ती परत यायची तोवर मी झोपलेली असायचे. सुट्टीच्या दिवशी शेजारणींबरोबर तांदूळ निवडताना ती वॉर्डातल्या गोष्टी सांगायची. अमक्या खाटेवरचा पोरगा फक्त तिच्याच हातून औषध घेतो, तमकी पोरगी तिचा पदर मुठीत धरल्याशिवाय डोळा मिटत नाही. शेजारणी ‘अगंबाई’ करायच्या आणि माझ्या पोटात दुखायला लागायचं. एकदा मी ठरवून चाळीच्या जिन्यावरून उडी मारली. पाय मोडला की आईच्या वॉर्डात खाट मिळेल, एवढा साधा विचार होता. पाय काही मोडला नाही. गुडघा फुटला, वर पाठीत एक धपाटा बसला, आणि आई वेळेवर ड्युटीला गेली.

हे सगळं मागे पडलं असं मी धरून चालले होते. लग्न करून बंगळुरूला गेले, नोकरी केली, दोन मुलं झाली. मोठी मुलगी सहा वर्षांची, धाकटा मुलगा नुकताच शाळेत जायला लागलेला. मधल्या काळात आई रिटायर झाली. मग गेल्या मे महिन्यात मुलांना घेऊन मुंबईला आले, आणि पालिकेच्या एका बागेत झोक्याशेजारी उभी असताना ते जुनं पोटात दुखणं जसंच्या तसं परत सुरू झालं.

उतरलो होतो माटुंग्याला, नणंदेकडे. घोडपदेवची आमची खोली एकच आणि तिथे आई, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी. आणखी तीन गाद्या घालायच्या तर कोणाला तरी गॅलरीत झोपवावं लागलं असतं. “झोपायला तिकडे जा, संध्याकाळी इकडे ये,” असं आईनेच फोनवर सांगून टाकलं होतं. म्हणजे ज्या गल्लीत मी लहानाची मोठी झाले तिथे टॅक्सीतून उतरून पाहुणीसारखी जायची वेळ आली. नणंद रोज म्हणायची, समोर एवढी मोठी बाग आहे, झाडं आहेत, पोरांना उन्हाचं कुठे फरफटत नेतेस? मी म्हणायचे, माझं माहेर आहे तिकडे.

पहिल्याच संध्याकाळी चाळीत पोचलो तर खोलीला कुलूप. शेजारच्या काकूंनी दारातूनच सांगितलं, “आज्जी बागेत गेली ना नातीला घेऊन. ह्या टायमाला नाय भेटायची ती.” माझ्या लहानपणी मी शाळेतून आले की याच काकू याच दारातून सांगायच्या, आई ड्युटीवर गेली. काकूंचे केस पांढरे झाले होते, बाकी काही फरक नव्हता.

बाग दोन गल्ल्या सोडून आहे. आमच्या वेळी तिथे धूळ, एक घसरगुंडी, एक झोका आणि पुष्कळ कुत्री होती. आता भिंतीवर फुलपाखरं रंगवली आहेत, मुलं पडली तर लागू नये म्हणून खाली रबराच्या लाद्या आहेत, आणि एका बाजूला व्यायामाची यंत्रं, ज्यांच्यावर बायका साडी खोचून पाय हलवत गप्पा मारतात. झोके दोन. त्यातल्या एकाची साखळी तुटलेली, तो सुतळीने वर बांधून ठेवलेला. म्हणजे चालू झोका एकच. फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत वॉचमन, गळ्यात शिट्टी.

आई लांब पाण्याच्या नळाशी बाटली भरत होती, तिने मला पाहिलं नाही. माझी मुलं झोक्याकडे धावली. झोक्याच्या बाजूला, येण्याजाण्याच्या वाटेवरच, दहाबारा चपला वेड्यावाकड्या पडल्या होत्या. छोट्या छोट्या, कार्टून काढलेल्या, एक चमचमता बूटसुद्धा. माझ्या डोक्यात आलं, काय ही पोरं, कुठेही चपला फेकतात, कोणीतरी अडखळून पडेल. आईपण अंगात आलं की बाई जातीला दुसऱ्याचा पसारा बघवत नाही. मी वाकून सगळ्या चपला उचलल्या आणि भिंतीला टेकवून जोड्या लावायला लागले. जोड्या काही लागेनात. सगळ्या एकेकच होत्या. तेव्हातरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

“ए ए ए! ओ बाई! नंबर उधळला सगळा!”

यंत्रावरची एक जाडजूड आजी पाय हलवायचे थांबून ओरडत होती. चारी बाजूंनी पोरं धावत आली. कोणी रडायला लागलं, कोणी माझ्या हातातली चप्पल हिसकली. “माझा तिसरा होता!” “चल हट, तिसरा माझा!” जाडजूड आजी जवळ आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “डोळे हायेत का बटणं? पोरांचा नंबर लागलाय तिथे, दिसत नाय?”

तेव्हा कळलं. झोका एक आणि पोरं डझनभर. म्हणून प्रत्येकाने आपली एक चप्पल रांगेत ठेवायची आणि खुशाल घसरगुंडीवर जायचं. रांग पुढे सरकली की चपला पुढे सरकवायच्या. चप्पल आहे म्हणजे माणूस आहे. आमच्या चाळीच्या नळावर हेच चालायचं. पाणी यायच्या आधी बादल्या, कळशा, रंगाचे डबे रांगेत उभे असायचे, एका म्हातारीची तर वीट असायची, आणि त्या विटेला धक्का लावायची कोणाची टाप नव्हती. आमच्या घरची कळशी धावत जाऊन रांगेत ठेवायचं काम माझं होतं. अख्ख्या बागेत कोणाला चपलांची ती रांग ओळखू यायला हवी होती, तर मला. आणि मीच ती नासवली.

आई ओली बाटली घेऊन आली. मला बघून तिचा चेहरा उजळला, माझ्या मुलांचे तिने मुके घेतले, आणि मग त्या आजीला म्हणाली, “जाऊ दे गं. माझी मुलगी आहे ती. बाहेरून आलीय, तिला काय माहीत.”

बाहेरून! रागावली असती तरी चाललं असतं. तिने माझी बाजू घेतली, आणि ती अशी घेतली. मी हसून सगळ्यांना सॉरी म्हटलं आणि लांबच्या बाकावर जाऊन बसले.

बसल्या बसल्या बघत राहिले. ती बाग म्हणजे आईचं राज्य होतं. येणारा जाणारा ‘जयभीम आज्जी’ म्हणून पुढे जायचा. भांडण झालं की पोरं तिच्याकडे यायची. बाकीच्या आज्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे झोका द्यायला सगळ्या पोरांमागे हीच उभी. प्रत्येकाला वीस झोके, मोठ्याने मोजून, वीस झाले की उतरायचं. रांगेत कितीही बोंबाबोंब असू दे, आईने मोजलं म्हणजे मोजलं. इस्पितळात ती सगळ्यांची मावशी होती, इथे सगळ्यांची आज्जी झाली होती. लोकांसाठी उरायची कला तिला पहिल्यापासून चांगली अवगत आहे.

माझ्या मुलीचा नंबर आला. आईने वीस झोके दिले, स्वच्छ, एक जास्त नाही, एक कमी नाही. मुलाचा आला, त्यालाही वीस. मग भाचीचा आला. “चौदा, पंधरा, सोळा, सतरा,” आई म्हणत होती, आणि मग अगदी सहज, “सोळा, सतरा, अठरा.” रांगेतलं एकही पोर बोललं नाही. बहुधा सगळ्यांना सवय होती, किंवा त्यांना अजून नीट मोजता येत नव्हतं. मला येत होतं.

मी दुसऱ्या दिवशीही मोजले, तिसऱ्या दिवशीही. ओढणीखाली बोटं धरून, चोरासारखी. भाचीचे सोळा-सतरा रोज दोनदा यायचे. एकदा तर आई तेरावर परत गेली. आणि माझ्या मुलांना रोज चोख वीस. पाहुण्याला ताट वाढावं तसं, सगळं व्यवस्थित, कुठे नाव ठेवायला जागा नाही. हातचं राखून नाही, पण हात सैल सोडूनही नाही. माझ्या मुलांना यातलं काही कळत नव्हतं, ती खुश होती. जळत मी होते.

रोज अंधार पडायच्या सुमाराला भावजय कामावरून परस्पर बागेत यायची. चांगली मुलगी आहे, तिच्यात खोट काढायची म्हटली तर मला मेहनत करावी लागते. एका संध्याकाळी घामाने डबडबलेली माझ्या शेजारी येऊन बसली, पायातल्या चपला काढून तळवे चोळायला लागली आणि म्हणाली, “ताई, आई नसत्या ना, तर माझी नोकरी कधीच सुटली असती. हिचा डबा, शाळा, बाग, सगळं त्याच करतात. तुम्ही किती लकी, तुम्हाला लहानपणापासून अशी आई मिळाली.”

मला मिळाली ती आई वेगळी होती. ती झाकणाखाली भाकरी ठेवून जायची आणि माझ्या वेणीचा शेवटचा पेड घाईत तसाच सोडायची. ही जी बागेत बसून नातीला एकेक चणा सोलून भरवत होती, ती आई रिटायर झाल्यावर मिळायची होती, आणि ती हिच्या वाट्याला आली होती. राबताना ती माझी आणि रिकामी झाल्यावर यांची.

आणि भाचीचं सोडा. त्या आठवड्यात मी माझ्या पोटच्या मुलीवरसुद्धा जळले. एकदा ती पळून पळून दमली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून बाकावर आडवी झाली. आई तिच्या केसांतून हात फिरवत होती, सावकाश, कुठे जायची घाई नसल्यासारखा. मुलीने आईचा पदर मुठीत धरला होता. मला एकदम त्या वॉर्डातल्या, कधीच न पाहिलेल्या मुलीची आठवण झाली. “उठ, घाम लागतोय आजीला,” असं म्हणून मी तिला उठवलं. आई म्हणाली, “असू दे की गं.” मी म्हटलं, “नको, सवय लागेल.”

परतायच्या आदल्या संध्याकाळी मात्र राहवेना. पोरं घसरगुंडीवर होती. झोक्यावर एक मोठा मुलगा होता, त्याला कोणी झोका द्यायला लागत नव्हतं, म्हणून आई घटकाभर माझ्याजवळ येऊन टेकली होती. मी म्हटलं, “तुझ्या नातीचे सोळा-सतरा रोज दोनदा येतात.”

आईने माझ्याकडे पाहिलं. “तू मोजतेस?”

“मोजते.”

“आता काय म्हणावं तुला,” आई म्हणाली. “तुझ्या पोरांना एक तरी कमी दिला का मी?”

“कमी नाही दिलास. जास्तही नाही दिलास.”

“अगं, ती रोजची आहे. रोजच्या माणसाबरोबर होते अशी लबाडी. तुझी पोरं चार दिवसांची, त्यांचं नीट नको का करायला?”

यावर गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हटलं, “आणि मी? मी पण रोजचीच होते ना? मला कधी आणलंस का गं या बागेत?”

आई पदराने तोंड पुसत राहिली. मग म्हणाली, “आणलं होतं एकदा.”

“कधी?”

“तू ह्या एवढी असशील,” तिने माझ्या मुलाकडे बोट केलं. “शाळेत घातलं नव्हतं अजून. ड्युटीला जायच्या आधी आणलं. म्हटलं, रोज रडते, पाच मिनिटं झोका देऊ. तर फाटकाला टाळं. दुपारची बाग बंद असते, हे मला कुठे माहीत? माझी कधी फेरी असायची इकडे? तू गजात डोकं घालून झोक्याकडे बघत रडलीस. ओढून काढलं तुला. घरी सोडलं आणि तशीच पळत गेले परळला. तरी उशीर झालाच.”

“मला आठवत नाही.”

“बरं झालं,” आई म्हणाली. “मला आठवतं.”

बाग आजही दुपारी बंद असते. सकाळी उघडते, मग दुपारभर कुलूप, मग संध्याकाळी परत. पाटीवर लिहिलेलं आहे, मी रोज वाचत होते. आईकडे एवढ्या वर्षांत फक्त ड्युटीआधीची घटकाभर दुपार होती आणि बागेकडे दुपार नव्हती. हे कळून माझं जळणं थांबलं असतं तर मी फार मोठ्या मनाची बाई ठरले असते. तसं काही झालं नाही. उलट तो मोठा मुलगा उतरून मागची पोरगी झोक्यावर बसलेली बघून वाटलं, हिला फाटक उघडं मिळालं, ही सगळी पोरं त्या गजांच्या आत आयती आली, आणि मी मात्र अजून डोकं घालून बघतेच आहे. माझे डोळे भरून आले. मी ते चष्म्याच्या काचा पुसायच्या निमित्ताने लपवले.

आईने माझ्या पायाकडे बघून हात पुढे केला. “चप्पल दे.”

“कशाला?”

“दे तर.”

“आई, काहीतरीच काय.”

ती वाकली आणि माझ्या उजव्या पायातली चप्पल तिने स्वतःच ओढून काढली. चालत गेली आणि रांगेच्या शेवटी ठेवली. कार्टूनवाल्या इवल्या इवल्या चपलांच्या मागे माझी ती भलीमोठी चामड्याची चप्पल. पोरं खिदळायला लागली. माझी मुलगी लाजून माझ्याकडे बघेचना. यंत्रावरून जाडजूड आजी ओरडली, “हा कोणाचा गं नंबर? एवढा मोठा पाय कोणाचा?”

“माझ्या मुलीचा,” आई म्हणाली. पुढे काही म्हणाली नाही.

मी एका पायात चप्पल घालून बाकावर बसून राहिले. एकेक पोर झोका घेऊन उतरत होतं आणि कोणीतरी माझी चप्पल पायाने पुढे ढकलत होतं. माझ्या मागे आणखी नंबर लागले. भाचीचा एक झोका घेऊन झाला होता, तिने परत नंबर लावला, तो बरोबर माझ्या मागे. ती एका पायावर लंगडी घालत माझ्याकडे टकामका बघत होती. “आत्या, तू खरंच बसणार?” तिने विचारलं. मला पळून जावंसं वाटत होतं, आणि मधेच कोणी माझी चप्पल बाजूला काढली तर मी भांडले असते, हेही तितकंच खरं होतं.

माझा नंबर आला. झोक्याची पाटी अरुंद, कशीबशी मावले. साखळ्या कुरकुरल्या आणि फाटकाशी शिट्टी वाजली.

“ओ मॅडम! मोठ्यांना नाय बसायचं! बोर्ड वाचा ना जरा.”

“तू बस रे बाबा,” आई म्हणाली. “वीस झोके, मग उतरते ती.”

“आज्जी, साखळी तुटली तर मला बोलतील.”

“नाय तुटत. हडकुळी आहे माझी पोर.”

अख्खी बाग हसली. मी हडकुळी होते त्याला जमाना झाला. वॉचमनही हसला आणि शिट्टी खाली सोडून खुर्चीत बसला. आईच्या शब्दापुढे त्याचं काही चालणार नव्हतं.

मग माझ्या पाठीवर तिचे दोन्ही तळवे टेकले. हात तेच खरखरीत, फिनाईलने भेगाळलेले, आता जरा हलके झालेले. “एक,” ती म्हणाली. मी पाय उचलले. पुढे गेले की रंगवलेली फुलपाखरं जवळ यायची, मागे आले की तळवे. “दोन. तीन.” पोरं तिच्याबरोबर ओरडून मोजत होती. दहाच्या पुढे तिला धाप लागलेली मला ऐकू येत होती. मला म्हणायचं होतं, पुरे आई. मी म्हटलं नाही.

“पंधरा. सोळा. सतरा,” आई म्हणाली.

मी श्वास धरून ठेवला. पुढे अठरा, एकोणीस, वीस. चोख. बाहेरून आलेल्या माणसाचे. मागे गेले, तळवे पाठीला लागले, आणि आई धापा टाकत, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “सात.”

“आज्जी!” भाची किंचाळली. “सतरा झाले! सतरा झाले होते!”

“नाय झाले.”

“झाले! मी मोजले ना! आता माझा नंबर!”

“मोजणार तू का मी? आठ.”

झोका पुढे गेला तेव्हा मला भाची दिसली. रांगेत, एका पायात चप्पल, खालचा ओठ पुढे आलेला, डोळे माझ्यावर रोखलेले. ते तोंड मला पाठ आहे. पाच वर्षांच्या पोरीला आत्याने समजून घ्यायला हवं होतं, उतरून तिला बसवायला हवं होतं. मी दोन्ही साखळ्या घट्ट धरल्या, पाय लांब ताणले आणि मागे जाऊन आईच्या हातांची वाट बघितली.

“नऊ,” आई म्हणाली.